आमच्या कंपाउंडातलं देवाचं राज्य

टेम्पोत सगळ्यात शेवटी कूलर चढला, तोवर आमच्या कंपाउंडातलं एकही दार उघडलं नव्हतं. मे महिन्याची भर दुपार होती. नागपुरात त्या वेळेला दारं लावलेली असण्यात नवल नाही, पण त्या दिवशी बंद दारांमागे लोक उभे होते. मला पडदे हलताना दिसत होते. गेटवर अरविंदभाऊची दोन माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसली होती. त्यातला एक आमचं सामान मोबाईलवर शूट करत होता. गादी, मिक्सर, मम्मीच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं.

"मान खाली घालू नको, सुहा," मम्मी म्हणाली. "सामान आपलंच आहे."

पप्पा रिकाम्या घरात शेवटची फेरी मारून बाहेर आले. तेवढ्यात समोरचं एक दार उघडलं. सुशीलामावशी, आमच्या समोरच्या क्वार्टरमधली विधवा बाई, डोक्यावर पदर घेऊन उन्हात चालत आली आणि तिनं पप्पांच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. मग गेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोळ्या आन आलूची भाजी हाय, मास्तर. डबा मले वापस पायजे. तुमीच आणून द्याचा."

मोबाईल तिच्याकडे वळला. ती तशीच उभी राहिली. टेम्पो निघाला तेव्हा मी मागं बघितलं नाही, कारण मला भीती वाटत होती की कोणीतरी दगड मारेल. दगड कोणी मारला नाही. पण जरीपटक्याचा बाजार मागं पडेपर्यंत माझी पाठ ताठ होती, हे आजही आठवतं.

आता मी आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. हे लिहिते आहे ते कंपाउंडात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखेच तिथून निघून दोह्याला, ऑकलंडला, पुण्याला पांगलेल्यांसाठी. आपण का निघालो हे आपण प्रत्येकजण आपापल्या सोयीनं सांगत आलो आहोत. नोकरी, मुलांचं शिक्षण, व्हिसा. मी पण तेच सांगते. पण माझं निघणं त्या मे महिन्यात सुरू झालं, आणि त्याच्या मुळाशी फार जुन्या काळातली एक कल्पना होती.

ती कल्पना आमच्या घरात पप्पांनी आणली. शांतवन मास्तर म्हणून त्यांना सगळे ओळखायचे. चर्चचे पाळक होऊ पाहणाऱ्यांच्या एका लहानशा वर्गात ते हिब्रू आणि जुनी हिब्रू शास्त्रं शिकवायचे. पगार बेताचा, वर्गात विद्यार्थी मूठभर. पण घरी परतल्यावर ते कंपाउंडातल्या चर्चच्या पायऱ्यांवर बसायचे आणि ज्याला ऐकायचं त्याला गोष्टी सांगायचे.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट राजा नसलेल्या लोकांची. ते सांगायचे, आजूबाजूच्या सगळ्या देशांत राजे होते. राजा म्हणजेच देव, नाहीतर देवाचा मुलगा. आणि त्या मधोमध डोंगराळ मुलखातली ही गुलामगिरीतून सुटून आलेली माणसं म्हणायची, आमचा राजा देव, त्यामुळे माणसाला ती खुर्ची नाही. त्या राजाचे कायदेही वेगळे. विधवेला छळू नका, पोरक्याला लुबाडू नका, परक्याला त्रास देऊ नका, कारण तुम्हीही कधीतरी परके होता. "हिब्रूत 'राज्य' म्हटलं की नुसती जमीन समजू नका," पप्पा म्हणायचे. "राज्य करणं, ती क्रिया समजा. जिथं त्याचं ऐकलं जातं तिथं त्याचं राज्य."

आमच्या कंपाउंडाला हे पटण्यासारखं होतं. जमीन चर्चच्या ट्रस्टची, क्वार्टर तीन पिढ्यांपासूनची, आणि पुढारी कोणी नाही. महिन्यातून एकदा सगळे चर्चमध्ये जमिनीवर सतरंजीवर बसायचे. नळ, दिवे, लग्नाचा मंडप, कोणाच्या घरातलं आजारपण, सगळं तिथं बोललं जायचं. भांडणं व्हायची, निर्णयाला वेळ लागायचा. मी तेव्हा तरुण होते आणि मला ते सगळं फार कंटाळवाणं वाटायचं.

मग एके सकाळी कंपाउंडाची मागची भिंत पडली. जेसीबी आला, त्याच्यासोबत मोटरसायकलींवर माणसं आली, आणि आम्ही चपला घालून बाहेर धावेपर्यंत अर्धी भिंत जमिनीवर होती. कोणी पाठवलं, काही कळेना. कोणी म्हणे बिल्डर, कोणी म्हणे रस्ता होणार आहे. "खाली करा, नाहीतर घरासकट काढू," एवढं ते बोलले. त्या वेळी त्या जेसीबीच्या पुढं जाऊन उभा राहिला तो अरविंदभाऊ. आमच्यातलाच. त्याचं बिछायत केंद्र होतं, लग्नाला मंडप, खुर्च्या, भांडी पुरवायचा. त्यानं दोन्ही हात पसरले आणि शिव्या घालत उभा राहिला. जेसीबी थांबला. हे त्याचं श्रेय आहे, आणि मी ते आजही देते.

त्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. लोक घाबरलेले होते. बायकांनी रांधलंही नव्हतं. एकजण उठून म्हणाला, "हे सतरंजीवरचं बोलणं पुरे झालं. समोरच्याचा एक माणूस बोलते, आन आपले चाळीस तोंडं. आपल्याले एक माणूस पायजे. तो सांगन तसं सगळ्यांनी कराचं."

आणि सगळे पप्पांकडे बघायला लागले.

पप्पांचे जुने विद्यार्थी गावोगावी होते, ऑफिसांत त्यांचा शब्द ऐकला जायचा, आणि त्यांनी कधी कोणाचं काही घेतलं नव्हतं. "मास्तर, तुमी व्हा," सुशीलामावशी म्हणाली. मग सगळेच म्हणायला लागले.

पप्पा उभे राहिले. त्यांनी त्या जुन्या लोकांची गोष्ट सांगितली. तेही एकदा असेच घाबरून आपल्या म्हाताऱ्या संदेष्ट्याकडे गेले होते, इतरांसारखा आम्हालाही राजा दे म्हणून. म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की राजा काय करतो. तो तुमची मुलं आपल्या रथापुढं पळवेल, मुली स्वयंपाकघरात नेईल, चांगली शेतं आपल्या माणसांना वाटेल, आणि मग तुम्ही रडाल. "तुमच्यावर हुकूम चालवणारा मी कोण?" पप्पा म्हणाले. "मला हे मागू नका."

ते खाली बसले.  मम्मी हळूच म्हणाली, "अहो, राजा कुठं मागून राहिले ते? बोलायला एक माणूस मागून राहिले." पप्पांनी नकारार्थी मान हलवली.

मग अरविंदभाऊ उठला. "मास्तरांले नसन जमत त मी करतो," तो म्हणाला. टाळ्या वाजल्या.

सुरुवातीला सगळं छान झालं. भिंत परत उभी राहिली. गेट लागलं. जेसीबी पुन्हा आला नाही. लोक रात्री नीट झोपायला लागले आणि मलासुद्धा वाटलं की पप्पांनी उगाच बाऊ केला. मग गेटवर नावं विचारायला लागले. पाहुणे आले तर आधी भाऊला सांगायचं ठरलं. तरुण पोरांना आळीपाळीनं पहाऱ्याला उभं करत, पुढं ते पहाऱ्याचं काम भाऊच्या सभांना आणि मिरवणुकांना जाण्यात बदललं. चर्चच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, जिथं लग्नाच्या पंगती बसायच्या, तिथं भाऊचं पक्कं ऑफिस झालं. महिन्याची बैठक बंद पडली. भाऊ म्हणाला गरज काय, मी आहे ना. आणि त्याच्याकडे मोठे पाहुणे आले की स्वयंपाकाला पोरी बोलवायचे. सुशीलामावशीची मंजू कॉलेजात होती. तिची परीक्षा होती म्हणून ती एकदा गेली नाही. दुसऱ्या दिवशी सुशीलामावशीच्या नळाला पाणी आलं नाही. नळाचा कॉक भाऊच्या ऑफिसमागे होता.

पप्पा ऑफिसात जाऊन बोलून आले. त्याच आठवड्यात मी हॉस्पिटलच्या ड्युटीवरून परतताना गेटवरच्या दोघांनी माझी स्कूटी अडवली. दोघांपैकी एक मला लहानपणापासून ओळखणारा होता. त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "ताई, मास्तरांले सांग, तोंड सांभाळा म्हणा." दुसऱ्यानं स्कूटीची चावी काढून हातात खेळवली आणि मग परत दिली. घरी आल्यावर मी काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्याकडे येणारे कमी झाले होते. रस्त्यात भेटलेले लोक मोबाईल कानाला लावायचे.

पुढच्या रविवारी उपासनेत बोलायची पाळी पप्पांची होती. मम्मीनं सकाळीच सांगितलं होतं, "आज दुसरं काही सांगा. प्रीतीबद्दल बोला, क्षमेबद्दल बोला." पप्पांनी हो म्हटलं होतं. आणि उभे राहून त्यांनी झाडांची गोष्ट सांगितली. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली, जैतून म्हणालं, माझं तेल सोडून मी कशाला येऊ. अंजीर म्हणालं, माझा गोडवा सोडून मी कशाला येऊ. द्राक्षवेलही नाही म्हणाली. मग झाडं काटेरी झुडपाकडे गेली. झुडूप म्हणालं, या माझ्या सावलीत, आणि नाही आलात तर माझ्यातून आग निघेल आणि तुम्हाला जाळेल. "झुडपाला सावली असते का?" पप्पांनी विचारलं, आणि खाली बसले.

अरविंदभाऊ पहिल्या रांगेत होता.  उपासना संपल्यावर तो पप्पांजवळ आला, त्यांचा हात हातात घेतला आणि हसून म्हणाला, "झाडाची गोष्ट चांगली सांगतली, मास्तर. पण तुमी आता या सावलीतून निंगा." हात त्यानं लवकर सोडला नाही. पप्पांची बोटं पांढरी पडलेली मी बघितली.

त्या महिन्यात आमचं पाणी गेलं, मग वीज गेली, मग ट्रस्टकडून निरोप आला की मास्तरांच्या क्वार्टरची दुरुस्ती आहे, खाली करा. कोणी कोणाला फोन केला हे कोणी आम्हाला सांगायची गरज नव्हती. मम्मीचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. आम्ही निघालो. ती निघतानाची दुपार वर सांगितली.

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. नवी वस्ती, अर्धे प्लॉट रिकामे, रस्त्यावर गिट्टीचे ढीग. शेजारी उमरेडहून आलेलं एक विणकर कुटुंब होतं. माग कधीचा बंद झाला होता, मुलगा फर्निचरच्या दुकानात होता. त्यांच्या घरच्या काकूंनी आम्ही कोण, कुठले, काही न विचारता पहिल्याच संध्याकाळी पाण्याचा माठ भरून आणला. "नवीन जागी पाण्याचं लवकर समजत नाई," त्या म्हणाल्या. मम्मी दारात उभी राहून रडली. काकू बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं.

पप्पा मात्र गप्प झाले. वर्गाला जायचे, यायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. एका संध्याकाळी चहा देताना मी त्यांना विचारलं. अनेक दिवस मनात होतं ते.

"पप्पा, त्या गोष्टीत काटेरी झुडूप राजा कशामुळं झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जैतून नाही म्हणालं म्हणून," मी म्हटलं. "अंजीर नाही म्हणालं म्हणून. लोक तुमच्याकडेच आधी आले होते."

मम्मी आतून म्हणाली, "सुहा, बस कर." पप्पांनी तिला हातानं थांबवलं. चहा तसाच निवला. ते रागावले नाहीत. पण त्या रात्रीपासून त्यांनी जुनी पुस्तकं पुन्हा काढली आणि कितीतरी दिवस ते कुठंतरी मनानं दूर होते.

मग एका रविवारी सकाळी ते अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बाहेर आले. हातात सुशीलामावशीचा डबा होता. त्यात मम्मीनं करंज्या भरल्या होत्या, म्हणजे मम्मीला माहीत होतं. "चलतेस?" त्यांनी मला विचारलं. मी स्कूटी काढली.  महाल भाग ओलांडला तेव्हा मी म्हटलं, "अजून परत जाऊ शकतो." ते मागून म्हणाले, "सरळ घे."

गेटवर तेच दोघं होते. "मास्तर, भाऊनं सांगतलं हाय. तुमाले आत नाई सोडाचं."

"सुशीलाबाईंचा डबा द्यायचा आहे."

"आमच्याकडे द्या."

"त्यांनी सांगितलंय, तुम्हीच आणून द्या."

तो बुचकळ्यात पडला. तेवढ्यात अरविंदभाऊ ऑफिसातून बाहेर आला. त्यानं पप्पांच्या हातातला डबा हिसकावला. डबा खाली पडला, झाकण फरशीवर घरंगळत गेलं, करंज्या मातीत पसरल्या. त्या आवाजानं दारं उघडली. मी पप्पांचा दंड धरला. माझी खात्री होती की आता हात उगारला जाणार. भाऊचा हात वर आलाही होता.

"मारणार असशील तर मार," पप्पा म्हणाले. आवाज कापत होता. "पण माझं झाल्याशिवाय मी जाणार नाही." आणि मग भाऊकडे पाठ करून ते उघड्या दारांकडे वळले. "मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली होती," ते म्हणाले. "राजा नको, हे खरं. पण त्या लोकांमध्ये राजे नव्हते तेव्हा शास्ते होते. संकट आलं की कोणीतरी उठायचं. शेतातून, चुलीपासून, बायासुद्धा उठायच्या. काम झालं की त्यांनी परत घरी जायचं, खुर्ची करून बसायचं नाही. मी तुम्हाला देव राजा आहे म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन झोपलो. तुम्ही घाबरलेले होता आणि मी उठलो नाही. माझं चुकलं."

"त आता काय, तुमी राजा होऊन राहिले?" भाऊ हसला, पण आजूबाजूला बघून.

"नाही. मी दर रविवारी येईन. ज्याचं पाणी बंद असेल त्याच्या घरी पाणी भरीन. तू अडवत जा."

सुशीलामावशी पायऱ्या उतरून आली. वाकून तिनं झाकण उचललं, पदरानं पुसलं. मंजू तिच्या मागं आली. मग कोपऱ्याच्या क्वार्टरमधल्या दोघी आल्या. पुरुष जरा उशिरा आले. कोणी घोषणा दिली नाही, कोणी भाऊला हात लावला नाही. ते फक्त पप्पांच्या आणि त्याच्या मधे येऊन उभे राहिले. गेटवरच्या त्या एकानं, मला लहानपणापासून ओळखणाऱ्यानं, खुर्ची उचलून बाजूला ठेवली. "भाऊ, जाऊ द्या ना आता," तो म्हणाला.

भाऊ ऑफिसात गेला आणि दार लावून घेतलं.

याचा शेवट सरळ झाला असं मी सांगणार नाही. नळाचा कॉक आठवडाभरानं ऑफिसमागून निघाला. पोरी स्वयंपाकाला जायच्या बंद झाल्या. पण भाऊ अजून काही वर्षं होता, मग दुसरीकडे मोठ्या माणसांत गेला. बिल्डर की रस्ता, तो प्रश्नही सुटला नाही. अधूनमधून कोणीतरी टेप घेऊन मोजायला येतंच. आमचं क्वार्टर आम्हाला परत मिळालं नाही. पप्पा मात्र दर रविवारी हुडकेश्वरहून दोन बस बदलून जात राहिले, गुडघे चालत होते तोवर. त्यांनी पुन्हा कधी कोणाच्या घराची दुरुस्ती, भांडण, आजारपण टाळलं नाही, आणि काम झालं की चहा घेऊन निघायचे. त्यांना खुर्ची दिली तर पायरीवर बसायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. अंत्यविधी मी व्हिडिओवर बघितला, कारण रजा मंजूर व्हायला उशीर झाला.

इथं कॉर्कमध्ये वॉर्डातले म्हातारे मला विचारतात, घर कुठं तुझं? मी 'इंडिया' म्हणते. शिफ्ट संपवून बसमध्ये बसले की डाव्या हाताला नदी दिसते, पाऊस असतो, आणि माझा फ्लॅट उबदार आहे. मला इथं कोणी त्रास देत नाही. रोस्टर लागतं, मी जाते. कौन्सिलकडून कचऱ्याचे नियम येतात, मी पाळते. कधी कधी मला जाणवतं की कित्येक महिन्यांत मला कोणी कशावरही काय वाटतं, असं विचारलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात नागपूरला गेले. मम्मी म्हणाली, आज कंपाउंडात बैठक आहे, येतेस? आम्ही गेलो. चर्चमध्ये सतरंजी टाकलेली होती. ओळखीचे चेहरे निम्मे, बाकीची नवी मंडळी. मंजू आता शाळेत शिकवते, तिच्या मांडीवर तिची लेक झोपली होती. विषय होता बोअरवेल कुठं घ्यायची. चर्चच्या मागं की सुशीलामावशीच्या क्वार्टरजवळ. दीड तास झाला तरी ठरेना. एक म्हातारे काका दोनदा उठून निघाले आणि दोनदा परत आले. गारठ्यात माझे पाय बधिर झाले. माझ्याशेजारी एक नवी सून बसली होती, तिनं विचारलं, "तुमी कोनाच्या घरच्या वं?" मी पप्पांचं नाव सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. मला क्षणभर वाईट वाटलं.

सुशीलामावशीनं पलीकडून आवाज दिला, "सुहा, तू काहून चूप? तुले काय वाट्टे ते सांग ना."

मी म्हटलं, "मी तर इथं राहत नाही, मावशी."

"म्हणून का तुले तोंड नाई?"

मी उभी राहिले. चर्चच्या मागं घ्या, मी म्हणाले, तिथून सगळ्यांना सारखं अंतर पडेल. दोघं-तिघं बरोबर म्हणाले. त्या नव्या सुनेनं माझं म्हणणं तिथंच खोडून काढलं. मागं खडक आहे, तिच्या नवऱ्यानं खोदून बघितलं होतं. हात वर झाले. माझ्या बाजूनं चौघांचे. बोअरवेल मावशीच्या क्वार्टरजवळ ठरली. काका खूश होऊन तिसऱ्यांदा उठले, सतरंजी गुंडाळायला लागले, आणि मी तिचं दुसरं टोक धरलं.